रामन यांचं नाव प्रयोगशाळेत का टिकलं, आणि तुमच्या स्पेक्ट्रममध्ये रेषांऐवजी डोंगर का दिसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: सी. व्ही. रामन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रामन परिणामाला (पदार्थावरून विखुरताना थोड्याशा प्रकाशाचा रंग बदलतो, त्याला) शंभर वर्षं होत आली, तरी औषधांपासून मंगळावरच्या खडकांपर्यंत सगळीकडे त्यांचंच नाव कसं? आणि दुसरा, जास्त तातडीचा: विभागात नवा रामन स्पेक्ट्रोमीटर (हा विखुरलेला प्रकाश रंगांनुसार वेगळा करून मोजणारं यंत्र) आला आहे, पण नमुना ठेवला की रेषा दिसत नाहीत, नुसता चढत जाणारा डोंगर दिसतो, चूक कुठे होते?

हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. तुम्हाला आज जी अडचण येते आहे, तीच कोलकात्यात रामन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे सात वर्षं उभी होती. ती त्यांनी ज्या कसोट्यांनी सोडवली, त्याच कसोट्या तुम्हालाही लावायच्या आहेत. म्हणून आधी थोडा इतिहास.

१९२१ साली इंग्लंडहून परतताना रामन यांनी 'नर्कुंडा' बोटीवर निकोल प्रिझम (एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश वेगळा करणारा स्फटिक) डोळ्याला लावून समुद्र पाहिला. पाण्यावरून परावर्तित होणारं आभाळ प्रिझमने कापल्यावरही समुद्र निळाच दिसत होता, म्हणजे तो निळा रंग पाण्यानेच विखुरलेला होता. त्याबद्दलचं पत्र त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच 'नेचर'ला लिहिलं. पुढे कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये एकेक द्रव घेऊन विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास सुरू झाला. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना शुद्ध केलेल्या द्रवांतही मूळ रंगापेक्षा वेगळ्या रंगाचा अगदी मंद प्रकाश दिसला. अशुद्धीमुळे आलेला फ्लुओरेसन्स (प्रकाश शोषून पदार्थाने स्वतः चमकणं), असा त्याचा अर्थ तेव्हा लावला गेला. पण द्रव पुनःपुन्हा शुद्ध केले तरी तो प्रकाश जाईना. १९२८ च्या सुरुवातीला के. एस. कृष्णन यांनी तेच काम पुन्हा हाती घेतलं, तेव्हा निर्णायक गोष्ट हाताला लागली: हा मंद प्रकाश ठळकपणे ध्रुवित होता. अशा साध्या द्रवांतला नेहमीचा फ्लुओरेसन्स तसा नसतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिल्यावर मूळ प्रकाश आणि नवा प्रकाश यांच्यामध्ये काळा पट्टा दिसला, आणि पाऱ्याच्या दिव्याचा एकरंगी प्रकाश वापरल्यावर नव्या प्रकाशाच्या सुट्या रेषा मिळाल्या. ३१ मार्च १९२८ च्या 'नेचर'मध्ये रामन आणि कृष्णन यांचं टिपण आलं. त्यात साठेक द्रवांचा उल्लेख आहे.

मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांनी त्याच काळात क्वार्ट्झच्या स्फटिकात हीच गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली होती. रशियन लिखाणात आजही तिला 'संयुक्त विखुरणं' अशा अर्थाचं नाव आहे. 'रामन परिणाम' हे नाव जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पीटर प्रिंग्सहाइम यांनी १९२८ मध्येच वापरलं आणि ते रूढ झालं. १९३० चं नोबेल रामन यांना मिळालं. कृष्णन यांचं नाव मात्र प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलण्यात उरलं नाही, ही खरी खंत आहे. विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना त्यांचं नाव आवर्जून घ्यावं.

आता नाव टिकण्याचं कारण. रामन यांनी नुसता नवा प्रकाश दाखवला असता तर ती एक नोंद झाली असती. त्यांच्या शोधातून जी राशी मोजायला मिळाली, ती वापरलेल्या प्रकाशावर अवलंबून नाही. ती रेणूची स्वतःची आहे. मूळ प्रकाश आणि विखुरलेला प्रकाश यांच्या तरंगसंख्यांमधला (एका सेंटिमीटरात किती तरंग मावतात त्या आकड्यांमधला) फरक म्हणजे रामन शिफ्ट. तो प्रति सेंटिमीटरमध्ये मोजतात, आणि प्रयोगशाळेत आपण सरळ 'वेव्हनंबर' म्हणतो. हिशोब असा:

रामन शिफ्ट = (१,००,००,००० ÷ लेसरची तरंगलांबी) − (१,००,००,००० ÷ विखुरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी)

दोन्ही तरंगलांब्या नॅनोमीटरमध्ये. पुढेही एकक लिहिलेलं नसेल तिथे लेसरचे आकडे नॅनोमीटरमध्ये आणि रेषांचे वेव्हनंबरमध्ये समजा. बेंझिनची ठळक रेषा ९९२ वेव्हनंबरला येते. पाऱ्याच्या ४३५.८ नॅनोमीटरच्या निळ्या रेषेने घेतली तर ती ४५५.५ नॅनोमीटरवर दिसते, ५३२ च्या हिरव्या लेसरने घेतली तर ५६१.६ वर, आणि ७८५ च्या लेसरने घेतली तर ८५१.३ वर. रंग तीन, फरक एकच. म्हणून १९३० च्या दशकात फोटोप्लेटवर तासन्‌तास प्रकाश पाडून मोजलेला आकडा आज दहा सेकंदांत घेतलेल्या आकड्याशेजारी ठेवता येतो. उपकरण पूर्ण बदललं तरी मोजमाप तेच राहिलं, तर नावही तेच राहतं.

आणि इथेच तुमच्या डोंगराची पहिली कसोटी आहे. लेसर बदला. रामन रेषा असेल तर ती लेसरबरोबर सरकते आणि शिफ्ट तीच राहते. फ्लुओरेसन्स असेल तर तो नॅनोमीटरमध्ये जागेवरच राहतो, म्हणजे वेव्हनंबरच्या आलेखावर भलतीकडे जाऊन बसतो. सॉफ्टवेअरमध्ये आडवा अक्ष नॅनोमीटरमध्ये दाखवण्याची सोय असते, ती वापरून दोन्ही स्पेक्ट्रम एकमेकांवर ठेवा. दोन मिनिटांत निकाल लागतो.

फ्लुओरेसन्सचा डोंगर रामन रेषांवर इतका सहज का जिंकतो, हेही समजून घ्या. नमुन्यावर पडणाऱ्या फोटॉनपैकी साधारण दहा लाखांत एक ते दहा कोटींत एक रामन पद्धतीने विखुरतो. फ्लुओरेसन्स त्याच्या कित्येक पटींनी कार्यक्षम असतो. त्यामुळे मूळ पदार्थ अजिबात चमकणारा नसला तरी त्यातली नगण्य अशुद्धी, बोटांचा तेलकटपणा, प्लास्टिकच्या डबीतून उतरलेलं काहीतरी, नीट न उडालेला द्रावक, एवढंही पुरे होतं. म्हणून यंत्राला हात लावण्याआधी नमुना पाहा. तो पुन्हा धुवा, पुन्हा स्फटिकवा, निर्वातात वाळवा. रामनाथन आणि कृष्णन यांनी हेच केलं होतं.

नमुना स्वच्छ असूनही डोंगर राहिला, तर तीन गोष्टी हाताशी आहेत.

पहिली, लेसर लांब तरंगलांबीचा घेणं. ५३२ ऐवजी ७८५ घेतला की बहुतेक सेंद्रिय पदार्थांचा फ्लुओरेसन्स झपाट्याने कमी होतो, कारण रेणूला वरच्या इलेक्ट्रॉनिक पातळीवर नेण्याइतकी ऊर्जाच फोटॉनमध्ये नसते. पण त्याची किंमत मोजावी लागते. रामनची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ५३२ वरून ७८५ वर गेलात की ती जवळपास ४.७ पट कमी होते आणि १०६४ वर गेलात तर १६ पट. शिवाय १०६४ ला सिलिकॉनचा सीसीडी (प्रकाश मोजणारी चिप) चालत नाही, इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर किंवा एफटी-रामन (फूरिये रूपांतराच्या पद्धतीचं यंत्र) लागतो. हळद हे याचं उत्तम उदाहरण. हिरव्या लेसरखाली कर्क्युमिन इतकं चमकतं की बाकी काही दिसत नाही, आणि ७८५ लाही पार्श्वभूमी त्रास देते. म्हणून हळदीतली मेटॅनिल यलो या पिवळ्या रंगासारखी भेसळ शोधायला १०६४ वापरतात. लेड क्रोमेटची भेसळ असेल तर ८४० च्या आसपासची रेषा पाहायची.

दुसरी, लेसर नमुन्यावर नुसता पडू देणं. पाच-दहा मिनिटांत चमकणारी अशुद्धी बऱ्याचदा जळून निष्प्रभ होते आणि पार्श्वभूमी खाली येते. त्या वेळात दर अर्ध्या मिनिटाने एक छोटं स्पेक्ट्रम घेत राहा. पार्श्वभूमी उतरते आहे आणि रेषा जागच्या जागी आहेत, असं दिसलं तर ठीक. रेषाच बदलू लागल्या तर तुम्ही अशुद्धी नव्हे, नमुना जाळताय.

तिसरी, सॉफ्टवेअरमध्ये बेसलाइन (रेषांखालची पार्श्वभूमी) वजा करणं. ही शेवटची आणि सगळ्यात धोक्याची. डोंगर वजा होतो, पण त्याने आणलेला गोंगाट वजा होत नाही. तो फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाइतका राहतोच. दहा लाख मोजणीच्या डोंगरावर गोंगाट साधारण एक हजाराचा असतो, मग पाचशे मोजणीची रेषा कुठल्याही गणिताने वर येणार नाही. आणि वरच्या घाताची बहुपदी वापरलीत तर ती स्वतःच लाटा तयार करते. त्या लाटांना रेषा समजून प्रबंधात नावं दिलेली पाहायला मिळतात. चौथ्या-पाचव्या घातापुढे जाऊ नका, आणि मूळ स्पेक्ट्रम नेहमी शेजारी छापा.

आता यंत्र. सकाळी पहिलं काम सिलिकॉनचा तुकडा. त्याची रेषा ५२०.५ च्या आसपास यायला हवी. ५३२ च्या लेसरने ती ५४७.१५ नॅनोमीटरला पडते, ७८५ ने ८१८.४ ला. अर्ध्या वेव्हनंबरपेक्षा जास्त हलली असेल तर ताबडतोब आकडा दुरुस्त करू नका. आधी लेसरला स्थिरावायला अर्धा तास द्या, खोलीचं एसी नुकतं सुरू झालं आहे का पाहा, आणि सिलिकॉनवरची शक्ती कमी करून पुन्हा मोजा. सिलिकॉन तापला की त्याची रेषा दर अंशाला साधारण ०.०२ वेव्हनंबर खाली सरकते. लेसरने तापवलेल्या सिलिकॉनवर यंत्र जुळवलंत तर सगळ्या दिवसाची मोजमापं चुकतात. शिवाय सिलिकॉनची एकच रेषा असते. एका बिंदूवर जुळवलेलं यंत्र ३००० ला दोन-तीन वेव्हनंबर चुकू शकतं. सी-एच ताणाच्या (कार्बन-हायड्रोजन बंधाच्या कंपनाच्या, ३००० जवळच्या) भागात काम असेल तर पॉलिस्टायरीन घ्या: ६२०.९, १००१.४, १०३१.८, १६०२.३ आणि ३०५४.३ या रेषा सगळा पल्ला व्यापतात. पॅरासिटामॉलची भुकटीही मान्य प्रमाण आहे.

सिलिकॉनबद्दल एक जास्तीचा इशारा. टायटॅनियम डायऑक्साइडचे थर सिलिकॉनवर बसवून मोजणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचं नेहमीचं एक स्फटिकरूप म्हणजे अ‍ॅनाटेज. अ‍ॅनाटेजच्या रेषा १४४, ३९९, ५१६ आणि ६३९ ला येतात. यातली ५१६ सिलिकॉनच्या ५२० मध्ये बुडते, आणि बुडलेली रेषा 'सरकली' म्हणून निष्कर्ष काढले जातात. अ‍ॅनाटेजची खात्री १४४ वरून करा. ती सगळ्यात ठळक असते. फक्त तुमचा एज फिल्टर (लेसरचा मूळ प्रकाश अडवणारा) १०० च्या खाली नीट कापतो ना, हे आधी तपासा. काही फिल्टर १५० च्या आतलं सगळं खातात आणि मग १४४ दिसतच नाही.

शक्तीच्या बाबतीत नवे लोक सर्रास चुकतात. पडद्यावर '१ मिलिवॉट' दिसतं आणि ते क्षुल्लक वाटतं. ०.९ अंकीय द्वारकाच्या (न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचं माप) १००x लेन्सखाली ५३२ च्या लेसरचा ठिपका साधारण ०.७ मायक्रोमीटर व्यासाचा असतो. एवढ्या जागेत १ मिलिवॉट म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास अडीच लाख वॉट. काळा नमुना त्यात सहज भाजतो. मॅग्नेटाइटचं ठरलेलं उदाहरण घ्या. त्याची मुख्य रेषा ६६८ च्या आसपास असते. शक्ती वाढवली की तो हवेत ऑक्सिडाइज होऊन हेमॅटाइट होतो आणि २२५, २९२, ४११ या रेषा उगवतात. मग नमुन्यात दोन्ही ऑक्साइड आहेत असं लिहिलं जातं, आणि दुसरं ऑक्साइड लेसरने तयार केलेलं असतं. त्यामुळे अनोळखी नमुन्याची सुरुवात ०.१ मिलिवॉटच्या आसपास करा, ५०x लेन्स, दहा सेकंद. मग शक्ती दुप्पट करत जा. रेषा रुंदावली किंवा खाली सरकली की एक पायरी मागे या. प्रत्येक वाढीनंतर पांढऱ्या प्रकाशात त्या जागेवर डाग पडला आहे का पाहा. आणि शक्ती लेन्सखाली पॉवर मीटर ठेवून मोजा. लेसरच्या डब्यावर लिहिलेली शक्ती आणि नमुन्यावर पोहोचणारी शक्ती यांत मोठा फरक असतो.

वेळ कसा वाटायचा? एक मिनिट हवं असेल तर साठ सेकंदांचं एकच मोजमाप घेऊ नका, दहा-दहा सेकंदांची सहा घ्या. कारण वैश्विक किरण. सीसीडीवर आदळणारा कण एक-दोन पिक्सेल रुंदीची सुईसारखी रेषा उभी करतो, आणि ती खऱ्या रेषेसारखीच भासते. सहा मोजमापांत ती एकातच असेल, मध्यक घेतला की जाते. मात्र अगदी मंद नमुन्यावर एकेका सेकंदाचे साठ तुकडे करू नका. प्रत्येक वाचनाला डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट मिसळतो.

नसलेल्या रेषा कुठून येतात, याची ही यादी भिंतीवर लावण्यासारखी आहे. खोलीतली ट्यूबलाइट चालू असेल तर पाऱ्याची ५४६.१ नॅनोमीटरची रेषा ५३२ च्या लेसरखाली ४८४ वेव्हनंबरला येते, आणि ट्यूबमधल्या युरोपियमची लाल रेषा २४४० च्या आसपास. ऑक्सिजन १५५६ ला आणि नायट्रोजन २३३१ ला. लांब मार्गाच्या मांडणीत हवेच्याच या रेषा दिसतात, आणि २३३१ ला कोणी सायनाइड गट म्हणून बसतं. ७८५ च्या लेसरखाली साधी काचपट्टी १४०० च्या आजूबाजूला रुंद उंचवटा देते. पेशी किंवा औषधांची भुकटी काचेवर ठेवून हा उंचवटा पदार्थाचा समजणं ही नेहमीची चूक. कॅल्शियम फ्लुओराइडची पट्टी घ्या, तिला ३२१ ला एकच रेषा आहे. ती महाग वाटत असेल तर काचपट्टीवर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवा. बहुतेक भुकट्यांना तो उत्तम चालतो. लेसर बंद करून, बाकी सगळं तसंच ठेवून एक स्पेक्ट्रम घ्या, म्हणजे बाहेरच्या प्रकाशाच्या रेषा लगेच वेगळ्या होतात.

कार्बनवर काम करणाऱ्यांसाठी: ग्राफाइटची 'जी' (G) नावाची रेषा १५८० च्या आसपास, 'डी' (D) रेषा हिरव्या लेसरने १३५० च्या आसपास. पण डी रेषा वर सांगितलेल्या नियमाला अपवाद आहे. तिची शिफ्ट लेसरच्या ऊर्जेबरोबर बदलते, एका इलेक्ट्रॉन व्होल्टला सुमारे ५० वेव्हनंबर, कारण तिची प्रक्रिया दुहेरी अनुनादाची आहे, म्हणजे लेसरची ऊर्जा बदलली की तिच्यात भाग घेणारं कंपनही बदलतं. वेगळ्या लेसरने घेतलेल्या दोन लेखांतली डी रेषेची जागा, किंवा डी आणि जी यांचं गुणोत्तर, थेट तुलनेला घेऊ नका.

हिऱ्यांचंही विचारलं जातं, विशेषतः मुंबईतून. हिऱ्याची रेषा १३३२ ला एकटी आणि अरुंद असते, हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसनाइटच्या रेषा ७६७, ७८९ आणि ९६५ च्या आसपास येतात. हा फरक लहान यंत्रही क्षणात दाखवतं. पण खाणीतला हिरा आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा दोन्ही हिरेच, दोघांची रामन रेषा तीच. तिथे रामन यंत्राने द्रव नायट्रोजनच्या तापमानाला प्रकाशदीप्ती (लेसर पाडल्यावर हिरा स्वतः देतो ती चमक) मोजतात. सीव्हीडी पद्धतीच्या (वायूतून थरावर थर वाढवलेल्या) हिऱ्यात सिलिकॉनच्या दोषाची ७३७ नॅनोमीटरची खूण बऱ्याचदा सापडते.

तापमान मोजण्यासाठी अँटी-स्टोक्स (लेसरपेक्षा जास्त ऊर्जेच्या) रेषेचं स्टोक्स (लेसरपेक्षा कमी ऊर्जेच्या) रेषेशी गुणोत्तर काढणार असाल तर पाठ्यपुस्तकातलं सूत्र जसंच्या तसं लावू नका. त्यात वारंवारतेच्या गुणोत्तराचा चौथा घात असतो, तो प्रकाशाच्या ऊर्जेसाठी आहे. सीसीडी फोटॉन मोजतो, त्यामुळे तिथे तिसरा घात हवा. सिलिकॉनच्या ५२० साठी, ५३२ च्या लेसरने, ३०० केल्विनला योग्य गुणोत्तर साधारण ०.०९७ येतं, चौथ्या घाताने ०.१०३. एवढ्याशा फरकाने तापमान सहा-सात अंशांनी चुकतं. त्याआधी दोन्ही बाजूंना यंत्राचा प्रतिसाद प्रमाणित दिव्याने दुरुस्त करायचा असतो, तो टप्पा गाळला तर चूक याहून कितीतरी मोठी होते.

पहिल्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येतो: इतक्या क्षेत्रांत नाव कसं पोहोचलं. १९६० ला लेसर आला आणि १९६२ मध्ये पोर्टो आणि वुड यांनी रुबी लेसरने रामन स्पेक्ट्रम घेतलं; त्याच वर्षी वुडबरी आणि एनजी यांना उद्दीपित रामन परिणाम (रामन प्रकाशच आणखी रामन प्रकाश निर्माण करतो) सापडला. त्याच उद्दीपित परिणामावर तुमच्या इंटरनेटच्या फायबरमधले रामन अ‍ॅम्प्लिफायर चालतात. काचेतला लाभ (सिग्नलची वाढ) ४४० वेव्हनंबरच्या आसपास सर्वाधिक असतो, म्हणून १५५० नॅनोमीटरचा सिग्नल वाढवायला १४५० चा पंप लागतो; वर दिलेल्या हिशोबात आकडे घालून पाहा, जुळतं. १९७४ मध्ये फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना खरबरीत चांदीवरच्या पिरिडीनचा अनपेक्षित ठळक स्पेक्ट्रम मिळाला. त्यातून पृष्ठभाग-वर्धित रामन उभं राहिलं. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स या रोव्हरवर दोन रामन यंत्रं आहेत. सुपरकॅम ५३२ चा हिरवा लेसर वापरतं. शेरलॉक मात्र २४८.६ नॅनोमीटरचा अतिनील वापरतं, आणि त्याचं कारण तुमच्या डोंगराशी थेट जोडलेलं आहे: इतक्या आखूड तरंगलांबीला रामन रेषा साधारण २७० नॅनोमीटरच्या आत संपतात, आणि फ्लुओरेसन्स त्याच्या पुढे सुरू होतो. दोन्ही वेगळे पडतात.

तुमच्याकडे अतिनील लेसर नसेल, पण ध्रुवक असेलच. संशयित रेषेसाठी विश्लेषक ध्रुवक लेसरच्या ध्रुवणाला समांतर आणि मग लंब ठेवून मोजा, ग्रेटिंगची (रंग वेगळे करणाऱ्या जाळीची) ध्रुवणानुसार बदलणारी संवेदनशीलता दुरुस्त करण्यासाठी मध्ये स्क्रॅम्बलर (ध्रुवण पुसून टाकणारा भाग) ठेवा. द्रवात, लेसर अनुनादात नसेल (म्हणजे रेणू त्याचा प्रकाश शोषत नसेल), तर पूर्ण सममित कंपनाची रेषा लंब दिशेला ठळकपणे मंद होते; कार्बन टेट्राक्लोराइडची ४५९ ची रेषा तर जवळजवळ नाहीशी होते, आणि २१८ आणि ३१४ च्या रेषा ०.७५ गुणोत्तरावर (लंब ÷ समांतर) राहतात. आधी या द्रवावर मांडणी तपासा, फ्यूम हुडमध्ये आणि बंद क्युव्हेटमध्ये, कारण तो यकृताला घातक आहे. आकडे जुळले की मग तुमचा नमुना ठेवा. नोंदवहीत प्रत्येक स्पेक्ट्रमसोबत लेसरची तरंगलांबी, नमुन्यावर मोजलेली शक्ती, लेन्स, ग्रेटिंग, वेळ, मोजमापांची संख्या आणि त्या सकाळची सिलिकॉनची जागा लिहा.